पाण्याची पारख आणि जबाबदारीची सीमा : सचिन (सुरत) परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

सुरत शहराच्या दक्षिणेस, मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सचिन हे स्थानक आहे. आज हे नाव घेतले की औद्योगिक वसाहत, कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्या, निर्यातीसाठीचे विशेष आर्थिक क्षेत्र आणि दाटीवाटीच्या कामगार वस्त्या डोळ्यांसमोर येतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा आणि सचिन या पट्ट्यात राहतात. पोटापाण्यासाठी हा शब्द आपण सहज वापरतो. पोटाची सोय कामावर होते. पण त्याच कामाच्या जागी जे पाणी प्यायला मिळते ते पिण्यायोग्य आहे की नाही, हे कोणी, कधी आणि कसे तपासायचे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

घराच्या नळाचे पाणी गढूळ आले तर गृहिणी तक्रार करते. नदीचे पाणी दूषित झाले तर वर्तमानपत्रात बातमी येते. परंतु दुकाने, कार्यालये, कापड बाजार, हिऱ्यांच्या पेढ्या, खाजगी शिकवण्या अशा व्यापारी इमारतींतील पाणी या दोहोंच्या मधे पडते. ते पिणारा माणूस दिवसातील आठ-दहा तास तेथे असतो, पण त्या टाकीचा मालक तो नसतो. पाणी पारखण्याच्या पद्धती कशा विकसित झाल्या आणि ही पारख इमारतीच्या दारापर्यंत येऊन का थांबली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात सचिन-सुरत परिसराच्या आधारे घेतला आहे.

सचिन : संस्थान ते औद्योगिक वसाहत

सचिनचा इतिहास कोकणाशी जोडलेला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींचे सुरतेशी जुने नाते होते. मोगलांचे आरमार सांभाळणारे सिद्दी सुरत बंदरात येऊन राहत, आणि अठराव्या शतकात काही काळ सुरतेचा किल्लाही त्यांच्या ताब्यात होता. १७५९ साली इंग्रजांनी तो घेतला. पुढे जंजिऱ्याच्या गादीवरून सिद्दी घराण्यात वाद झाला. गादीचा एक हक्कदार सिद्दी अब्दुल करीम खान ऊर्फ बाळू मियाँ पेशव्यांच्या आश्रयास गेला. १७९१ साली झालेल्या तहानुसार त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांच्या स्वाधीन केला व त्याबदल्यात सुरतेजवळची काही गावे स्वीकारली. यातून सचिन संस्थान उभे राहिले. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही.

ज्या जंजिऱ्याहून हे घराणे आले तो किल्ला चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे, आणि तरीही त्याच्या पोटात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. शत्रूला तो शतकानुशतके जिंकता आला नाही, याला तटबंदी आणि तोफांइतकेच हे तलावही कारण आहेत. किल्ल्याच्या बांधणीत पाण्याची सोय आधी पाहिली जाई. आजच्या इमारतीच्या आराखड्यात ती बहुधा शेवटी पाहिली जाते, हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

संस्थान लहान होते आणि त्याची गावे एकसलग नव्हती. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० च्या भाषावार पुनर्रचनेत सुरत जिल्ह्याबरोबर ते गुजरातेत गेले. त्यानंतर येथे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, शेजारी नगरपालिका आली, २००० साली खाजगी क्षेत्रातील विशेष आर्थिक क्षेत्र कार्यान्वित झाले, आणि २०२० साली झालेल्या हद्दवाढीत सचिन परिसर सुरत महानगरपालिकेत समाविष्ट झाला. म्हणजे सव्वादोनशे वर्षांत एकाच भूभागावर नवाब, मुंबई सरकार, गुजरात सरकार, औद्योगिक महामंडळ, नगरपालिका आणि महानगरपालिका अशा अनेक सत्तांची जबाबदारी येऊन गेली. पाण्याच्या प्रश्नात जबाबदारी कोणाची, हे ठरवणे का अवघड जाते, याचे उत्तर या इतिहासात बरेचसे सापडते.

पाणी पारखण्याची जुनी परंपरा

प्रयोगशाळा येण्यापूर्वी लोक पाणी पारखत नव्हते असे नाही. रंग, वास, चव, डाळ शिजण्यास लागणारा वेळ आणि साबणाला येणारा फेस ही घरगुती परीक्षणाची साधने होती. यांतील शेवटच्या दोन कसोट्या आजच्या भाषेत पाण्याचा जडपणा मोजतात. ‘पाणी बाधले’, ‘पाणी लागले’ हे मराठी शब्दप्रयोग याच अनुभवातून आले आहेत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्यासाठी निवळीच्या बियांचा उपयोग सांगितला आहे.

इब्न सीना (९८०–१०३७) याने ‘अल-कानून फित-तिब’ या ग्रंथात पाण्याच्या प्रकारांची सविस्तर चर्चा केली आहे. दोन ठिकाणच्या पाण्याची तुलना करण्यासाठी त्याने सांगितलेली कसोटी साधी आहे. सारख्या वजनाची दोन कापडे घ्यावीत, एकेक कापड एकेका पाण्यात भिजवावे, पूर्ण वाळवावे आणि पुन्हा तोलावे. जे कापड हलके भरेल त्याचे पाणी चांगले. पाणी उडून गेल्यावर मागे राहणारे क्षार कापडात अडकतात, हे यामागचे तत्त्व होय. आज प्रयोगशाळेत पाणी आटवून एकूण विद्राव्य घन पदार्थ मोजतात, त्याचेच हे पूर्वरूप म्हणता येईल. पाणी उकळून किंवा गाळून सुधारते, हेही त्याने नमूद केले आहे.

मोगल दरबारातील आबदारखान्याचे वर्णन अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त येते. अकबर गंगेचे पाणी पीत असे. नदीकाठी विश्वासू माणसे नेमलेली असत. ती घडे भरून त्यावर मोहोर लावून दरबारी पाठवीत. दरबार आग्रा किंवा फत्तेपूर येथे असताना हे पाणी सोरोनहून, तर पंजाबात असताना हरिद्वारहून येई. येथे महत्त्वाची गोष्ट मोहोरेची आहे. पाणी कोठे भरले, कोणी भरले आणि वाटेत त्याला कोणाचा हात लागला, याची खात्री ही मोहोर देत होती. आज प्रयोगशाळेत नमुना पाठवताना बाटलीवर जी चिठ्ठी लावतात व सील करतात, त्यामागचा विचार हाच आहे. आबदारखाना हे खाते पुढे मराठ्यांच्या दरबारातही होते. मात्र अशी काळजी राजाच्या पाण्यापुरती मर्यादित होती. रयतेने विहीर, तलाव आणि पाणपोई यांवर भागवायचे होते.

सुरत हे व्यापाराचे व हज यात्रेकरूंचे बंदर असल्याने येथे प्रवाशांच्या सोयीसाठी मोठ्या वास्तू उभ्या राहिल्या. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपीने बांधलेला गोपी तलाव शहराची तहान भागवत असे. शहाजहानच्या काळात, १६४४ साली, हकीकत खानाने येथे एक भव्य सराई बांधली. देशोदेशीचे व्यापारी आणि यात्रेकरू तेथे उतरत. बाहेरच्या माणसाने येऊन मुक्काम करावा, व्यवहार करावा आणि तेथलेच पाणी प्यावे, अशी ती जागा होती. आजच्या व्यापारी इमारतीची ही पूर्वज म्हणता येईल. योगायोगाची गोष्ट म्हणजे १८६७ पासून सुरतेच्या नगरपालिकेचे मुख्य कार्यालय याच मोगल सराईत आहे. शहराच्या पाण्याची जबाबदारी असलेली संस्था एका जुन्या मुसाफिरखान्यात बसून कारभार करते, ही बाब प्रतीक म्हणून पुरेशी बोलकी आहे.

प्रयोगशाळेचा उदय

एकोणिसाव्या शतकात पाण्याच्या पारखीचे स्वरूप मुळापासून बदलले. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या रुग्णांची घरे नकाशावर मांडून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले. त्या पंपाचे पाणी दिसायला स्वच्छ होते, चवीलाही वाईट नव्हते. म्हणजे डोळा आणि जीभ ही साधने अपुरी आहेत, हे तेथे सिद्ध झाले. १८८४ च्या आरंभी रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. त्या तलावाभोवतीच्या वस्तीत पटकीची साथ होती व लोक तेच पाणी पीत होते. १८९६ साली आग्र्याच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू फार काळ जगत नाहीत, असे निरीक्षण प्रसिद्ध केले.

परंतु पाण्यातील प्रत्येक रोगजंतू स्वतंत्रपणे शोधणे अशक्य होते. यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात नेहमी राहणारे जंतू पाण्यात सापडले, तर त्या पाण्यात मैला मिसळला आहे असे समजावे. थिओडोर एशेरिक यांनी १८८५ साली वर्णन केलेला, आज ‘ई. कोलाय’ या नावाने ओळखला जाणारा जंतू या कामी आला. म्हणजे चोर दिसला नाही तरी त्याच्या पाऊलखुणांवरून तो येऊन गेला हे ओळखायचे. आजही जगभरातील जंतूविषयक परीक्षण मुख्यतः याच तत्त्वावर चालते.

इंग्लंडमधील मापदंड हिंदुस्थानात जसेच्या तसे लागू पडतात काय, हा प्रश्न त्याच काळात पुढे आला. डब्ल्यू. डब्ल्यू. क्लेमेशा यांनी उष्ण कटिबंधातील पाण्याच्या जंतुशास्त्रावर १९१२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कडक ऊन, उन्हाळ्यात आटणारे व पावसाळ्यात फुगणारे तलाव यांमुळे येथील पाण्याचे वर्तन वेगळे असते, हे त्यांनी मांडले. आपल्या मातीत आपली मापे लागतात, हा विचार भारतीय मानके तयार होण्यापूर्वी सात दशके मांडला गेला होता.

मुंबईत १८६० साली विहार तलावाचे, १८७९ साली तुळशीचे आणि १८९२ साली तानसाचे पाणी आले. पाणी दुरून, नळाने आणि सरकारी देखरेखीखाली येऊ लागले. विहिरीच्या पाण्याची जबाबदारी मोहल्ल्याची होती, नळाच्या पाण्याची जबाबदारी नगरपालिकेची झाली. या बदलाचा लाभ मोठा होता. मात्र त्याबरोबर एक समज रूढ झाली की पाणी एकदा नळात आले म्हणजे ते शुद्धच आहे.

दिल्लीचा १९५५ चा धडा

स्वातंत्र्योत्तर काळात या समजुतीला मोठा धक्का दिल्लीत बसला. १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये यमुनेचा प्रवाह बदलल्याने नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणीउपसा केंद्राकडे ढकलले गेले. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी क्लोरीनचे प्रमाण वाढवले. जंतू मेले, त्यामुळे विषमज्वर किंवा हगवणीची मोठी साथ आली नाही. परंतु काही आठवड्यांत शहरात काविळीची प्रचंड साथ पसरली. कावीळ झालेल्या रुग्णांची संख्या सुमारे २९ हजार असल्याचा अंदाज त्यावेळी करण्यात आला. त्या साथीतील जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून, हा आजार ‘हेपॅटायटिस ई’ या विषाणूचा होता, हे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले.

इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की, चाचणी जे शोधते तेच सांगते. जंतूंची चाचणी विषाणूंबद्दल बोलत नाही, क्षारांची चाचणी कीटकनाशकांबद्दल बोलत नाही, आणि शुद्धीकरण केंद्रातील चाचणी इमारतीतील टाकीबद्दल बोलत नाही. पाणी ‘पास’ झाले असे ऐकले की, कशात पास झाले, हे विचारले पाहिजे.

सुरतेचा अनुभव : १९९४ ते २००६

तापी ही सुरतेची जीवनवाहिनी. पण समुद्र जवळ असल्याने भरतीचे खारे पाणी नदीत शिरत असे. १९७२ साली उकाई धरण पूर्ण झाले. पुढे १९९० च्या दशकात सिंगणपोर येथे बंधारा बांधून खारे पाणी अडवण्यात आले. त्याच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्याचा साठा झाला, तसेच साचलेल्या पाण्याचे प्रश्नही आले.

सप्टेंबर १९९४ मध्ये पुरानंतर सुरतेत प्लेगची साथ आली. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक काही दिवसांत शहर सोडून गेले. त्यांत खानदेशात परतणारे मराठी कामगार मोठ्या संख्येने होते. प्लेग हा पाण्यातून पसरणारा रोग नव्हे. तरीही सुरतेच्या पाण्याच्या इतिहासात हे वर्ष निर्णायक ठरले, कारण या साथीने नागरी व्यवस्थेची लक्तरे उघडी पाडली. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी शहराची सहा विभागांत विभागणी करून अधिकार विभागीय पातळीवर दिले आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले. कचरा आणि गटारांबरोबर उपाहारगृहे व मिठाईच्या दुकानांची झडती सुरू झाली. अस्वच्छ आढळलेल्या जागांना दंड झाला, काही बंद करण्यात आल्या, आणि त्यात बडे मालकही सुटले नाहीत. दोनच वर्षांत ‘इन्टॅक’ या संस्थेने सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातील स्वच्छ शहर ठरवले.

या प्रयोगाचे ऐतिहासिक मोल असे की, व्यापारी जागेच्या उंबरठ्याच्या आत जाऊन तपासणी करणे हे नगरपालिकेचे काम आहे, हे तत्त्व प्रथमच इतक्या ठामपणे अमलात आले. पण ते मुख्यत्वे खाद्यपदार्थ विकणाऱ्या जागांना लागू झाले. कापडाची पेढी, हिऱ्यांचे कार्यालय किंवा शिकवणी वर्ग यांतील कूलरपर्यंत ते पोहोचले नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. तळघरे आणि जमिनीखालच्या टाक्या पुराच्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरतो, पण टाकीत शिरलेला गाळ आपोआप जात नाही. ती उपसून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक करून, नमुना तपासल्याशिवाय वापरात आणणे धोक्याचे असते.

इमारत नावाची सीमारेषा

नगरपालिकेचे पाणी इमारतीच्या जोडणीपर्यंत येते. त्यापुढे ते संपात पडते, पंपाने गच्चीवरील टाकीत चढते, नळांतून मजल्यामजल्यावर उतरते आणि शेवटी कूलर किंवा आर.ओ. यंत्रातून पेल्यात येते. या प्रवासात पाण्याचे गुणधर्म बदलतात. शुद्धीकरण केंद्रात मिसळलेला क्लोरीन साठवणीत हळूहळू संपतो. झाकण तुटलेल्या टाकीत पाली, पारव्यांची विष्ठा आणि धूळ पडते. पुरवठा ठरावीक तासांपुरता असेल तर उरलेल्या वेळी जलवाहिनीतील दाब घटतो आणि गळक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार जात असेल तर त्याचा परिणाम सांगावयास नको.

आर.ओ. यंत्र बसवले म्हणजे प्रश्न मिटला, असा सर्वत्र समज आहे. हे यंत्र क्षार कमी करते, आणि किनारपट्टीच्या भागात बोअरचे पाणी खारे असल्याने त्याची गरज पडते. परंतु ते क्लोरीनही काढून टाकते. त्यामुळे यंत्रापुढच्या साठवण टाकीत एखादा जंतू शिरला तर त्याला रोखणारे काही उरत नाही. गाळणी वेळेवर बदलली नाही तर तीच जंतूंचे घर बनते. जारच्या पाण्याचीही कथा निराळी नाही. २००१ साली केंद्र सरकारने सीलबंद पाण्यासाठी भारतीय मानक चिन्ह सक्तीचे केले. २०२४ च्या अखेरीस ही सक्ती काढून हे पाणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अधिक जोखमीच्या वर्गात घालण्यात आले. पण कार्यालयांत येणारे थंड पाण्याचे खुले जार सीलबंद नसतात, त्यामुळे ते अशा चौकटीतून निसटतात.

व्यापारी इमारतीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती काही काळ पूर्ण रिकामी असते. सुरतेत दिवाळीला हिरे व कापड व्यवसायातील अनेक पेढ्या दोन-तीन आठवडे बंद राहतात. एवढे दिवस पाणी टाकीत व नळांत साचून राहते. कामगार गावाहून परततो आणि पहिल्या दिवशी तेच पाणी पितो. २०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न जगभर पुढे आला. बंद इमारती उघडताना आधी सर्व नळ वाहते ठेवावेत, टाक्या धुवाव्यात आणि मगच वापर सुरू करावा, असा सल्ला अनेक देशांतील आरोग्य यंत्रणांनी दिला.

इमारतीचे स्वतःचे पाणी जीवघेणे ठरू शकते, हे जगाला १९७६ साली कळले. अमेरिकेत फिलाडेल्फियातील एका प्रसिद्ध हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यातील अनेकांना एका अनोळखी न्यूमोनियाने गाठले व सुमारे तीस जण दगावले. काही महिन्यांनी त्यामागचा जंतू सापडला आणि त्याला ‘लिजिओनेला’ हे नाव मिळाले. इमारतीच्या वातानुकूलन व पाण्याच्या व्यवस्थेत तो वाढतो आणि तुषारांवाटे श्वासात जातो.

कायद्याची वाट

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या अठराव्या कलमाने कामगारांना पिण्यायोग्य पाण्याचा हक्क दिला. पाणी पुरेसे असावे, सोयीच्या जागी असावे आणि धुण्याची जागा, मुतारी, शौचालय किंवा उघड्या गटारापासून किमान सहा मीटर दूर असावे, असे त्यात म्हटले होते. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय बंधनकारक होती. सर्वांत लक्षणीय अट अशी की, ‘पिण्याचे पाणी’ ही पाटी बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असावी. सचिनसारख्या ठिकाणी, जेथे गुजराती, मराठी, हिंदी आणि ओडिया बोलणारे कामगार एकाच छताखाली राबतात, या अटीचा अर्थ किती मोठा आहे हे सांगायला नको.

पण हा कायदा कारखान्यांसाठी होता. दुकाने व व्यापारी आस्थापनांना त्याच वर्षीचा मुंबईचा स्वतंत्र कायदा लागू होता, आणि त्यात आरोग्याच्या बाबतीत भर होता तो स्वच्छता, वायुवीजन, प्रकाश व आगीपासून संरक्षण यांवर. महाराष्ट्राने २०१७ च्या नव्या कायद्यात आस्थापनांतील पिण्याच्या पाण्याची जबाबदारी मालकावर स्पष्टपणे टाकली. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतही पिण्यायोग्य पाण्याची तरतूद आहे.

पाणी ‘पिण्यायोग्य’ म्हणजे काय, हे भारतीय मानक १०५०० ठरवते. ते प्रथम १९८३ साली आले आणि १९९१ व २०१२ साली सुधारले गेले. त्यानुसार १०० मि.लि. पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. सामू ६.५ ते ८.५ या दरम्यान असावा. विद्राव्य घन पदार्थ लिटरमागे ५०० मि.ग्रॅ. पर्यंत स्वीकारार्ह, व दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ मि.ग्रॅ. च्या वर नको. क्लोरीनने शुद्ध केलेल्या पाण्यात किमान ०.२ मि.ग्रॅ. मुक्त क्लोरीन शिल्लक असावा. मापे आहेत, हक्क आहे. प्रश्न राहतो तो मोजमाप कोणी व किती वेळा करायचे याचा.

मे २०१९ मध्ये सुरतेतील सरथाणा येथे एका व्यापारी संकुलाला आग लागून शिकवणीसाठी आलेली २२ मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर अग्निसुरक्षेच्या तपासण्यांना एकदम वेग आला. आग दिसते, तिचा धूर दिसतो, म्हणून समाज हलतो. दूषित पाणी दिसत नाही. ते प्यायलेल्यांपैकी एकाला जुलाब होतात, एकाला तीन आठवड्यांनी कावीळ होते, तिसरा गावी जाऊन आजारी पडतो. रोजंदारी बुडते, पण कोठेही नोंद होत नाही.

६ जानेवारी २०२२

या दिवशी पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक द्रव बेकायदा नाल्यात सोडला जात होता. त्यातून निर्माण झालेल्या विषारी वायूने जवळच्या गिरणीतील सहा कामगारांचा बळी घेतला आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही दुर्घटना वायूची होती. पण तिने एक गोष्ट उघड केली. रसायन नाल्यात ओतणाऱ्याला, ते रात्रीच्या अंधारात कोणाच्या लक्षात येणार नाही, असा भरवसा वाटत होता. वायू झाला म्हणून ते कळले. वायू न होता असे द्रव्य जमिनीत झिरपले तर ते सांगण्यास केवळ पाण्याची चाचणीच उरते. म्हणून औद्योगिक परिसरातील इमारत बोअरचे पाणी वापरत असेल तर जंतूंबरोबरच जड धातू व इतर रसायनांचीही तपासणी आवश्यक ठरते. केवळ चवीवर किंवा केवळ क्लोरीनच्या रंगावर तेथे विसंबता येत नाही.

परीक्षण : साधे आणि शक्य

पाण्याची चाचणी फार खर्चिक किंवा अवघड आहे, असे नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना टी.सी.एल. पावडर आणि ओ.टी. चाचणी हे शब्द चांगले परिचित आहेत. पाण्यात ओ.टी. चे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे असे समजायचे. ऑर्थोटोलिडिन हे द्रव्य आरोग्यास घातक असल्याने आता त्याऐवजी गुलाबी रंग देणारी डी.पी.डी. चाचणी सुचवली जाते. १९८२ साली ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी एच-टू-एस पट्टीची चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून ठेवायचे. एक-दोन दिवसांत ते काळे पडले तर त्यात मैला मिसळल्याची शंका घ्यायची. भारतात जन्मलेली ही स्वस्त चाचणी पुढे अनेक देशांत वापरली गेली. ती प्रयोगशाळेला पर्याय नाही, पण धोक्याची घंटा वाजवण्यास पुरेशी आहे.

प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. बाटली निर्जंतुक असावी व तीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट असावे, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारतो आणि निकाल फसवा येतो. नमुना बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत पोहोचवावा. एकाच जागेचा नमुना उपयोगी नाही. जोडणी, संप, गच्चीवरील टाकी, कूलरची तोटी आणि सर्वांत दूरचा नळ अशा पाच ठिकाणांचे नमुने घेतले, तर दोष नेमका कोठे आहे हे कळते. जोडणीवर पाणी चांगले आणि कूलरवर वाईट असेल, तर जबाबदारी नगरपालिकेची नसून इमारतीची आहे, हे कागदावर सिद्ध होते. चाचणीचा खरा उपयोग येथे आहे. ती पाणी तर तपासतेच, पण जबाबदारीची सीमाही आखून देते.

समारोप

वरील आढाव्यावरून एक सूत्र हाती लागते. पाण्याच्या पारखीतील बहुतेक प्रत्येक पाऊल एखाद्या आपत्तीनंतर पडले आहे आणि ते एखाद्या सत्तेच्या हद्दीपर्यंत जाऊन थांबले आहे. आबदारखान्याची मोहोर राजवाड्यापुरती होती, नगरपालिकेची प्रयोगशाळा नळजोडणीपर्यंत आली, कारखाने कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. व्यापारी इमारत या सर्वांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. ज्या भूमीवर हद्दी वारंवार बदलल्या, त्या सचिनमध्ये ही मोकळी जागा अधिक ठळकपणे दिसते. याच परिसराच्या शेजारी, खजोद येथे, डिसेंबर २०२३ मध्ये चार हजारांहून अधिक कार्यालये असलेल्या सुरत हिरे बाजाराचे उद्घाटन झाले. इमारती वाढत जाणार आहेत, तेव्हा हा प्रश्नही वाढणार आहे.

समुदाय महाविद्यालयांतील शिक्षकांना येथे करण्यासारखे बरेच आहे. प्लंबिंग, आरोग्य सहायक, उपाहारगृह व्यवस्थापन अशा अभ्यासक्रमांतील विद्यार्थी उद्या याच इमारतींत काम करणार आहेत. आपल्याच संस्थेच्या इमारतीतील पाण्याची वाट नकाशावर काढणे, आठवड्यातून एकदा पाच ठिकाणचा क्लोरीन तपासून नोंदवहीत लिहिणे, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी टाकीची पाहणी करणे, ही कामे एका सत्रात सहज होऊ शकतात. अशी नोंदवही वर्षभर चालली तर ती स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज ठरेल. १८५४ साली एका डॉक्टरने नकाशावर घरे मांडली तेव्हा त्यांच्या हातात प्रगत यंत्रे नव्हती. होती ती चिकाटीने केलेली नोंद.

सराईत उतरलेल्या मुसाफिराला तेथील पाण्यावर विश्वास ठेवावा लागे, कारण त्याला दुसरा मार्ग नव्हता. खानदेशातून सचिनला आलेला कामगारही कामाच्या जागी असा मुसाफिरच असतो. त्याने ठेवलेल्या विश्वासाला पुराव्याचा आधार देणे, एवढेच पाण्याच्या परीक्षणाचे प्रयोजन आहे.